तोंड आलंय, की आणखी काही?

(मेढा, ता. जावळी, जि. सातारा येथे तरुण मुला-मुलींपुढे एका दंतवैद्य भगिनीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन. भाषणात घरातल्या व्यक्तीचा उल्लेख असल्याने त्यांच्या इच्छेनुसार नाव दिलेले नाही.)



मला निरोप असा आला होता की, आपा, पोरांना दातांबद्दल काहीतरी सांगा. दात कसे घासायचे हे तुम्हाला चौथीपासून सांगितलेलं आहे आणि तुम्ही ते ऐकलेलं नाही, हे मला तुमच्याकडे बघूनच कळतंय. म्हणून ते राहू द्या. आज दात सोडून बाकीच्या तोंडाबद्दल बोलू. गाल, ओठ, जीभ, टाळू, हिरड्या.

आधी एक विचारते. जीभ वर उचलून तिच्या खाली काय आहे, हे आरशात कोणी बघितलंय? हात वर करा. दोन. तिसरा हात अर्धाच वर आहे. चेहऱ्याचे दिवसाला वीस फोटो काढणारी आपण माणसं, पण ओठाच्या आत एक इंचावर काय आहे ते आपल्याला ठाऊक नसतं. आता हेही बघा, की फुफ्फुसात काय चाललंय ते बघायला एक्स-रे लागतो, पोटात बघायला सोनोग्राफी लागते. तोंड बघायला आरसा आणि मोबाईलची बॅटरी पुरते. एवढं सोपं असून आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर उशिरा सापडतो. माझ्या खुर्चीवर बसलेला माणूस जेव्हा म्हणतो, 'मॅडम, चार महिने झाले, उष्णतेचं असेल म्हणून थांबलो,' तेव्हा मला काय वाटतं ते मी सांगत नाही.

उष्णतेपासूनच सुरू करू. तोंड येतं ते काय? ओठाच्या आत, गालात, जिभेच्या कडेला एक छोटा गोल फोड फुटल्यासारखा दिसतो. मध्ये पिवळट, भोवती लाल कडं. ठेचा लागला की डोळ्यात पाणी येतं. परीक्षेच्या दिवसांत, जागरणात, कधी दाताखाली गाल चावला की, कधी अंगात लोह किंवा बी-१२ कमी असलं की हे होतं. मुलींना पाळीच्या आधी होतं. सात ते चौदा दिवसांत ते आपोआप जातं, डागही राहत नाही. औषध लावलं तरी जातं, नाही लावलं तरी जातं. म्हणूनच आपल्याकडे तोंड येण्यावर एवढी औषधं आहेत आणि सगळीच लागू पडतात. वारंवार येत असेल तर रक्त तपासून घ्या, बाकी घाबरू नका. ओठाच्या बाहेरच्या कडेला तापानंतर पाण्याच्या फोडांचा घोस येतो, तो नागिणीच्या जातकुळीतला एक विषाणू. तोही आठ-दहा दिवसांत खपली धरून जातो. तेवढे दिवस आपला ग्लास दुसऱ्याला देऊ नका आणि लहान बाळाचा मुका घेऊ नका.

आता काही गोष्टी अशा आहेत ज्या आजार नाहीतच. हे मुद्दाम सांगते, कारण आज घरी जाऊन तुम्ही बघणार आणि रात्री दोन वाजता मोबाईलवर शोधत बसणार. जिभेच्या पार मागे मोठे मोठे दाणे ओळीने दिसतात, इंग्रजी व्ही अक्षरासारखे. ते सगळ्यांना असतात. गालाच्या आत बारीक पिवळसर ठिपके दिसतात, रव्यासारखे. त्या तेलाच्या ग्रंथी आहेत. दात मिटतात त्या रेषेत गालावर एक पांढरी रेघ असते, तीही ठीक. टाळूच्या मधोमध हाडाचा टणक उंचवटा काहींना जन्मभर असतो आणि चाळिशीत पहिल्यांदा जिभेला लागतो, मग माणूस घाम फुटून येतो. जिभेवर नकाशासारखे लाल पट्टे उमटतात, चार दिवसांनी जागा बदलतात. तेही निरुपद्रवी. माझ्याकडे एक इंजिनिअरिंगचा मुलगा जिभेचे दाणे बघून घरच्यांना न सांगता तीन दवाखाने करून आला होता. त्याला मी आरशासमोर बसवून माझी जीभ दाखवली.

मग घाबरायचं कशाला? जे दुखत नाही, त्याला. आपली सवय नेमकी उलटी आहे. दुखलं की पळत जातो, नाही दुखलं की 'काही नाही' म्हणतो. तोंडात मात्र जो फोड झोप उडवतो तो बहुतेक वेळा साधा असतो, आणि ज्याच्याकडे लक्ष जायला हवं तो सुरुवातीला गुपचूप बसलेला असतो.

पांढरा चट्टा घ्या. गालात पांढरं दिसलं तर स्वच्छ फडक्याने हलकेच पुसून बघा. दह्यासारखं पुसून निघालं आणि खाली लाल दिसलं तर ती बहुधा बुरशी असते. साखरेचे रुग्ण, कवळी रात्रीही न काढणारी आजी, दम्याचा पंप ओढून चूळ न भरणारे, यांच्यात ती दिसते आणि औषधाने जाते. पुसून निघालं नाही तर तो चट्टा डॉक्टरला दाखवायचाच. आम्ही त्याला ल्युकोप्लाकिया म्हणतो. प्रत्येक चट्ट्याचा कॅन्सर होत नाही, बहुतेकांचा होत नाही. पण कोणाचा होईल हे नुसत्या डोळ्यांनी मलाही सांगता येत नाही. लाल, मखमलीसारखा चट्टा असेल तर तो पांढऱ्याहून जास्त धोक्याचा. लालाकडे लोक कमी बघतात, कारण तोंड मुळातच लाल असतं.

चट्टा बहुतेकदा कुठे सापडतो ठाऊक आहे? जिथे पुडी ठेवतात तिथे. खालच्या ओठाच्या आत, गालाच्या खोबणीत. पेशंट सांगतो, 'मी काही खात नाही.' मी ओठ खाली ओढते आणि तिथली कातडी सुरकुतलेली, पांढरी पडलेली असते. डावीकडे ठेवतो की उजवीकडे, एवढंच मग विचारायचं राहतं.

आता सुपारी. इथे मी जरा थांबणार आहे, कारण तुमच्या वयाचा रोग हाच आहे. 'तंबाखू नाही मॅडम, नुसती सुगंधी सुपारी,' हे वाक्य मी रोज ऐकते. लग्नाच्या जेवणानंतर बिर्याणीची ताटं उचलली की बडीशेप-सुपारीची थाळी फिरते, पाच वर्षांचं पोरही मूठ भरतं, आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने स्पष्ट म्हटलं की सुपारी स्वतःच कॅन्सर करते, तिला तंबाखूची सोबत लागत नाही. सुपारीतल्या द्रव्यांनी गालाच्या कातडीखाली चिवट धागे तयार होत जातात. मऊ गाल कातड्याच्या पट्ट्यासारखा होतो. याचं नाव सबम्युकस फायब्रोसिस. १९५२ साली आफ्रिकेत केनियातल्या भारतीय बायकांमध्ये एका डॉक्टरने याची नोंद केली. पुढच्याच वर्षी मुंबईत डॉ. जोशी यांनी आपल्याकडचे रुग्ण नोंदवून त्याला आजचं नाव दिलं. म्हणजे माणसं समुद्र ओलांडून गेली, तरी सुपारी त्यांच्याबरोबर गेली.

हा ओळखायचा कसा? पहिलं लक्षण, तिखट सोसत नाही. घरातल्या सगळ्यांना ज्या कालवणाने काही होत नाही, त्याने तुमच्या तोंडाची आग होते. मग हळूहळू तोंड कमी उघडायला लागतं. पाणीपुरी अख्खी आत जात नाही, फोडून खावी लागते. वडापाव दाबून चपटा करावा लागतो. शिट्टी वाजत नाही, फुगा फुगत नाही, जीभ ओठांच्या पुढे येत नाही. आरशात बघितलं तर गाल संगमरवरासारखा फिका दिसतो. आत्ता सगळ्यांनी करून बघा. आपल्याच हाताची तीन बोटं, मधली तीन, एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घाला. जातात? छान. ज्यांची दोनच जातात त्यांनी हसून सोडून देऊ नका. हे बोट-मोजणं काही पक्कं निदान नाही, पण सुपारी खाणाऱ्याचं तिसरं बोट आत जात नसेल तर त्याने याच आठवड्यात कोणाला तरी दाखवावं. गेलेला मऊपणा पूर्ण परत येत नाही, हे मी खोटं सांगणार नाही. सुपारी आजच थांबली तर पुढचं बिघडणं थांबवता येतं. व्यायाम आहेत, इंजेक्शनं आहेत, शेवटी ऑपरेशनही आहे. पण सुपारी चालू ठेवून यातलं काहीच टिकत नाही.

तुम्ही म्हणाल, महाराष्ट्रात तर बंदी आहे. आहे. २०१२ च्या जुलैपासून गुटखा बंद आहे, पुढे त्यात सुगंधी सुपारी, मावा यांचीही भर पडली. बंदी असलेली वस्तू कुठे मिळते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, मी विचारत नाही. याच जावळी तालुक्यातल्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, हे सगळ्या राज्याने बघितलं. पण पुडी उभीच आहे. तिला ना वास, ना झिंग, त्यामुळे तिच्यासाठी घरात भांडण होत नाही. मला तर तांबोळी आडनावाच्या एका चाचांनी विचारलं, आमच्या पिढ्या पानावर जगल्या, आता काय करायचं? प्रश्न खरा आहे. पोट भरण्याचा प्रश्न मी खुर्चीत बसून सोडवू शकत नाही. मी फक्त सांगू शकते की विड्याच्या पानाशी माझं भांडण नाही. भांडण आत घातलेल्या सुपारीशी आणि तंबाखूशी आहे.

आणि पुडी फक्त पुरुषांची, असं समजू नका. आता माझ्या घरातलं सांगते.

माझी खाला मिश्री लावायची. आपल्या भागातल्या घराघरात आज्या, मावश्या, खाला लावतात. तव्यावर काळी भाजलेली तंबाखू कुटायची, डबीत ठेवायची, सकाळी उठल्याबरोबर बोटाने हिरड्यांना. 'दात साफ होतात, पोट साफ होतं,' असं म्हणायचं. मग दुपारी एकदा, चहाआधी एकदा. चारचौघांत लावताना तोंडावर पदर घ्यायचा. खालाने मला लहानपणी सांभाळलं होतं. मी बीडीएसच्या शेवटच्या वर्षाला असताना ईदला घरी गेले. शीरखुर्मा तिच्याच हातचा. जेवताना माझ्या लक्षात आलं की ती घास एकाच बाजूने चावते आहे. मी विचारलं, तर म्हणाली, 'दाढ टोचती गं, उष्णता झाली असंल.' मी मान डोलावली. त्या वर्षात मी कॉलेजच्या ओपीडीत शेकडो तोंडं बघितली होती, कारण त्याचे मार्क होते. ईदच्या दिवशी खालाचं तोंड उघडून बघणं मला बरं वाटलं नाही. ती मोठी, मी लहान. शिवाय दोन दिवसांची सुट्टी होती.

सात महिन्यांनी अम्मीचा फोन आला. तोपर्यंत खालच्या हिरडीवरची जखम जबड्याच्या हाडात उतरली होती. अर्धा खालचा जबडा काढावा लागला. त्यानंतर खाला चार वर्षं जगली, पातळ खिचडीवर. निकाहांना जाणं तिने बंद केलं, कारण जेवताना सांडायचं. माझ्यावर तिने कधी राग धरला नाही. 'तू तर तेव्हा शिकतच होतीस,' म्हणायची. ते खरं नाही. तेवढं मला तेव्हाही येत होतं.

म्हणून मी तुम्हाला काय बघायचं ते सांगते. चौदा दिवसांत न भरलेली कोणतीही जखम. कडा टणक, उचललेल्या, बोट लावलं की सहज रक्त येणारी. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा. काही लागलेलं नसताना, हिरड्या ठीक असताना हलायला लागलेला एकच दात. दात काढल्यावर न भरणारा खड्डा. खालच्या ओठाला आलेली बधिरता. जबड्याखाली किंवा मानेत न दुखणारी टणक गाठ. गिळताना एकाच बाजूला अडकणं, आणि एकाच कानात दुखणं जिथे कानाचा डॉक्टर म्हणतो की कान चांगला आहे. यातलं काही असलं म्हणजे कॅन्सरच, असं नाही. टोचणाऱ्या तुटक्या दातानेही जखम राहते. तो दात घासून गुळगुळीत केला आणि दोन आठवड्यांत जखम भरली, तर विषय संपला. नाही भरली तर मात्र तिसरा आठवडा वाट बघण्यात घालवायचा नाही. नाव काय ते तुम्ही ठरवू नका. तुम्ही फक्त तारीख लिहून ठेवा आणि मोबाईलवर फोटो काढा.

नामवंतांनाही हे चुकलेलं नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या अंजनी गावचे आर. आर. आबा, राज्याचे गृहमंत्री, उपमुख्यमंत्री, ग्रामस्वच्छता अभियानाने गावोगाव पोचलेले. तोंडाच्या कॅन्सरने १६ फेब्रुवारी २०१५ ला गेले, वय सत्तावन्न. त्यांच्या तंबाखूच्या सवयीबद्दल तेव्हा उघड बोललं गेलं. शरद पवारांचं तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन २००४ साली झालं. सुपारी-गुटख्याच्या सवयीची किंमत आपण मोजली आणि चाळीस वर्षांपूर्वी कोणी सावध करायला हवं होतं, असं त्यांनी स्वतः जाहीर कार्यक्रमात सांगितलं आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये साताऱ्यात भर पावसात त्यांनी केलेलं भाषण तुमच्यापैकी अनेकांनी मोबाईलवर बघितलं असेल. राजकारण बाजूला ठेवा, पुन्हा बघाल तेव्हा त्यांचे शब्द कसे निघतात आणि जबडा कसा हलतो तेवढं बघा. एक वाचले, एक गेले.

तुम्ही विचाराल, आम्ही बघून काय उपयोग, आम्ही डॉक्टर आहोत का? केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक मोठा प्रयोग झाला. वैद्यकाशी संबंध नसलेले पदवीधर तरुण-तरुणी निवडले, त्यांना शिकवलं, आणि बॅटरी घेऊन घरोघर तोंडं तपासायला पाठवलं. २००५ साली निष्कर्ष आले. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये, ज्यांची तोंडं अशी तपासली गेली त्यांच्यात तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू एक तृतीयांशाने कमी झाले. महाराष्ट्रातही हे काम जुनं आहे. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चच्या डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या एक लाखाहून अधिक गावकऱ्यांची तोंडं तपासली होती, तो अहवाल १९७२ चा आहे. म्हणजे माहिती कमी पडत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात चारातला जवळजवळ एक प्रौढ माणूस न ओढता तोंडात ठेवायची तंबाखू घेणारा निघाला. या खोलीत आपण किती आहोत, त्याला चाराने भागा. आणि आपल्या घरी किती आहेत, त्यालाही.

एका मुलाने आत्ता चिठ्ठी पाठवली आहे: 'तुकडा काढून तपासला की कॅन्सर पसरतो का?' नाही. हा गैरसमज एवढा खोल रुजलेला आहे की माणसं तुकड्याला घाबरून सहा महिने झाडपाला लावतात, मग गाठ वाढते, मग तुकडा काढतात, मग माणूस जातो, आणि मोहल्ल्यात म्हणतात, तुकडा काढला म्हणून गेला. तुकडा काढणं म्हणजे जागा बधिर करून तांदळाच्या दाण्याएवढा भाग घ्यायचा. दाढ काढण्यापेक्षा सोपं. दुसरी चिठ्ठी एका मुलीची आहे: 'घरात लग्नाची मुलगी असेल तर लोक आजार लपवतात.' हो, लपवतात. मी नाव न घेता सांगते, माझ्याकडे दवाखान्याच्या मागच्या दाराने येणारे लोक आहेत. मी त्यांना मागच्या दाराने घेते. या, एवढंच म्हणणं आहे.

बघायची पद्धत सोपी आहे. हात धुवा, कवळी असेल तर काढा. उजेड तोंडात पडेल असं उभं राहा. खालचा ओठ खाली ओढा, वरचा वर. बोटाने एकेक गाल बाहेर ताणून थेट मागच्या दाढेपर्यंत बघा. जीभ बाहेर काढून रुमालाने धरा आणि दोन्ही कडा बघा. ही जागा लोक विसरतात, आणि धोका इथे जास्त असतो. जीभ टाळूला लावून तिच्या खालचा भाग बघा. मान मागे टाकून टाळू. शेवटी जबड्याखाली आणि मानेवर बोटं फिरवा, डावी-उजवी सारखी लागते का बघा. दोन मिनिटं लागतात. महिन्यातून एकदा पुरे. वजू करताना आपण तोंडात पाणी घेतोच, त्या वेळी बेसिनसमोर आरसा असेल तर महिन्यातल्या एका जुम्म्याला दोन मिनिटं जास्त थांबा. आणि स्वतःचं झालं की घरातल्या मोठ्यांचं. लाज वाटेल, मला वाटली होती. 'मला शिकायचंय, दाखव की' असं म्हणून बघा, म्हाताऱ्या माणसांना शिकवायला आवडतं.

दाखवायचं कुठे? इथेच ग्रामीण रुग्णालय आहे. सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांवरच्यांची तोंडाची तपासणी मोफत आहे, उपकेंद्रावर जाऊन मागा. पुढे साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय, कराडला आणि सांगलीला दंत महाविद्यालयं, मिरजेला कॅन्सरचं रुग्णालय. मुंबईत माथाडी कामाला असलेले आपले भाऊ-चाचा परळच्या टाटापासून फार लांब राहत नाहीत, त्यांना फोन करून सांगा. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा.

सोडायचं कसं, हे विचारणाऱ्यांना एवढंच. रमजानमध्ये तुम्ही सहेरीपासून इफ्तारपर्यंत तेरा-चौदा तास पुडीशिवाय राहता. म्हणजे जमत नाही हे खोटं आहे. घोळ होतो तो खजूर आणि मगरिबची नमाज यांच्यानंतर, टपरीवर. पहिला आठवडा सगळ्यात वाईट जातो. चिडचिड होते, झोप लागत नाही, डोकं धरतं. तीन-चार आठवड्यांत ती ओढ बरीच ओसरते. महिन्याभराच्या रोज्यांच्या रात्रीही जोडल्या, तर तेवढेच दिवस होतात. एकट्याने नाही जमलं तर १८०० ११ २३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे, तंबाखू सोडायला मदत करतात. निकोटिनच्या च्युइंग गमबद्दल डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनाने घेऊ नका.

मी बॅटरी, हातमोजे आणि लाकडी पट्ट्या घेऊन आले आहे. मागच्या खोलीत बसते. मुली आधी या, मग मुलं. ज्यांच्या खिशात आत्ता पुडी आहे त्यांनी ती फेकून यायची गरज नाही, पण कोणत्या गालात ठेवता ते सांगा, म्हणजे मी तिथून सुरुवात करेन. आणि कोणाच्या घरी चालू न शकणारी दादी, नानी असेल तर पत्ता लिहून द्या. पाच वाजेपर्यंत मी मेढ्यातच आहे.